कावसजीचे नाक आणि काताची पट्टी

१७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाने एक पत्र छापले. पत्राखाली पूर्ण नाव नव्हते, ‘बी. एल.’ एवढीच अक्षरे होती. सोबत एका मराठी माणसाचे चित्र होते. युद्धात त्याचे नाक कापले गेले होते आणि पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले होते. हे कसे केले, याची कृती पत्रात पायरीपायरीने दिली होती. त्यासाठी लागलेले सामान अगदी साधे होते: पातळ मेण, कापडाच्या पट्ट्या, तूप आणि पाण्यात भिजवलेला कात.

शहापूर आणि मुरबाडच्या वाचकाचे लक्ष या यादीतल्या शेवटच्या वस्तूकडे जाईल. कात म्हणजे खैर, आणि खैर म्हणजे या दोन तालुक्यांचे रान. कात पाडणे हा ज्यांचा पिढीजात धंदा होता ते कातकरी आजही इथल्या वाड्यांवर राहतात. लंडनच्या त्या पत्रातून आणि चित्रातून पुढे युरोपातली आधुनिक प्लास्टिक सर्जरी उभी राहिली. म्हणून हा इतिहास इथल्या माणसांनाही ठाऊक असायला हवा. वैद्यकाने चित्रकाराला विषय दिला आणि चित्राने वैद्यकाला समुद्रापार पोहोचवले. या देवघेवीत कोणाचे नाव राहिले आणि कोणाचे गेले, तेही त्यात लिहिलेले आहे.

बैल हाकणारा कावसजी

चित्रातल्या माणसाचे नाव पत्रात कावसजी असे दिले आहे. तो मराठी मुलुखातला, शेती करणाऱ्या जातीतला. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकायचे काम करी. १७९० ते १७९२ या काळात टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे एकत्र लढत होते. मराठी फौजा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या हाताखाली होत्या. या लढाईत बंदुकांइतकीच बैलांचीही किंमत होती. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसचे इतके बैल मेले की श्रीरंगपट्टणाजवळ स्वतःच्या वेढ्याच्या तोफा स्वतःच नष्ट करून त्याला मागे फिरावे लागले. त्याच्या उपाशी फौजेला मराठी छावणीच्या बाजारात धान्य मिळाले, तेव्हा ती सावरली. रसद तुटली की फौज तुटते, आणि रसद वाहणारा माणूस निःशस्त्र असतो.

असाच एक निःशस्त्र माणूस, कावसजी, शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडण्यात आले. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला आणि पुढे कंपनी सरकारने त्याला निवृत्तिवेतन दिले. नाक कापणे ही आपल्याकडे जुनी शिक्षा होती. तिचा हेतू जीव घेण्याचा नसे. माणसाला जिवंत ठेवून त्याची अब्रू कायमची काढून घेणे, हाच तिचा अर्थ. कापलेला हात उपरण्याखाली झाकता येतो, चेहरा झाकता येत नाही. कावसजी वर्षाहून अधिक काळ नाकाशिवाय वावरला.

त्यानंतर पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक दिले. पत्रात त्या माणसाची ओळख एवढीच आहे, की तो विटा पाडणाऱ्या जातीचा होता. म्हणजे कुंभार.

मेण, कपाळ आणि पंचवीस दिवस

ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिली होती. पत्रात त्यांची नावे टॉमस क्रुसो आणि जेम्स ट्रिंडले अशी आहेत. त्यांनी पाहिलेली कृती अशी:

आधी नाकाच्या उरलेल्या थोटकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग तो पत्रा काढून सपाट करायचा आणि रुग्णाच्या कपाळावर ठेवून भोवती रेघ मारायची. इथे मेणाचे काम संपले. रेघेच्या आतली कातडी कपाळावरून सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी न कापता तशीच ठेवायची. नाकाच्या जागेवरचा जुना वण खरवडून ताजा करायचा आणि त्याच्या कडेने खाच पाडायची. कपाळाची कातडी खाली आणून अर्धा पीळ देऊन फिरवायची आणि तिच्या कडा त्या खाचेत बसवायच्या.

सगळी किमया डोळ्यांमधल्या त्या पट्टीत आहे. कपाळापासून सुटलेली कातडी तिच्यातून येणाऱ्या रक्तावर जगते. नव्या जागी रुजून तिथल्या रक्तवाहिन्यांशी तिचे नाते जुळेपर्यंत हा जुना आधार तोडायचा नसतो. पट्टी कापायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. शरीराच्या एका भागातली जिवंत कातडी दुसऱ्या भागावर नेताना ती मूळ जागेशी जोडलेली ठेवायची, हे तत्त्व जगभरातले शल्यविशारद आजही वापरतात. कपाळाच्या कातडीने नाक बांधण्याच्या या पद्धतीला आजच्या पाठ्यपुस्तकांतही भारतीय पद्धत म्हणतात.

जोड पक्का करायला टाके नव्हते. कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चढवायच्या. चार दिवस त्याखेरीज दुसरे काही लावायचे नाही. चार दिवसांनी त्या पट्ट्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे त्या मिटत नाहीत.

इथे काताने दुहेरी काम केले. खैराच्या गाभ्यात टॅनिन भरपूर असते. टॅनिन कातडीतल्या आणि रक्तातल्या प्रथिनांना आवळून घट्ट करते, म्हणून जखमेतून झिरपणे थांबते आणि वर टणक कवच धरते. तेच कवच नव्या नाकाला जागेवर धरून ठेवते. भिजलेला कात वाळला की कापडाची पट्टी ताठ होते. त्यामुळे त्या पट्ट्या औषधही होत्या आणि साचाही.

हे काम कुंभाराच्या हाती कसे आले? पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने पुढे सांगितले, की हिंदुस्थानात ही शस्त्रक्रिया फार जुन्या काळापासून चालत आली आहे आणि ती कुंभार किंवा वीट पाडणाऱ्या जातीचे लोकच करतात. सुश्रुतसंहितेत नाक आणि कान जोडण्याची कृती आहे. तिथे नाकाचे माप झाडाच्या पानाने घ्यायला सांगितले आहे आणि कातडी गालावरची घ्यायला. शिकणाऱ्याने आधी भोपळ्यासारख्या फळांवर कापण्याचा सराव करावा आणि पट्ट्या बांधायला पुस्तमय पुरुषावर, म्हणजे बनवलेल्या बाहुल्यावर शिकावे, असेही त्यात आहे. म्हणजे घडवलेली मूर्ती हे शल्यविद्येच्या शिक्षणाचे साधन होते. पुण्याजवळच्या कुंभाराने पानाऐवजी मेण घेतले आणि गालाऐवजी कपाळ. सपाट कापडातून अंगावर बसणारी चोळी बेतावी, तसे त्याला सपाट कातडीतून उंच नाक बेतायचे होते. ज्याचा जन्म आकार घडवण्यात गेला, त्याच्या बोटांना हे गणित आधीच येत होते. मेण, माती आणि माणसाची कातडी यांतला फरक ओळखून प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे हाताळणे, हीच त्याची विद्या.

कात पाडणारे

उत्तर कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर खैर विपुल होता. कातकरी कुटुंबे हंगामात रानात मुक्काम टाकत. खैराचे झाड तोडून बाहेरचे पांढरे लाकूड काढून टाकायचे, आतल्या लाल गाभ्याच्या बारीक ढलप्या करायच्या, मातीच्या मडक्यांत त्या तासन् तास उकळायच्या, रस गाळून पुन्हा आटवायचा आणि दाट झाला की वड्या पाडून वाळवायच्या. यात लाकूड निवडण्यापासून रस उतरवण्याच्या नेमक्या घडीपर्यंत सगळे अंदाजावर आणि अनुभवावर चाले. तो कात विड्यात जाई, रंगाऱ्यांकडे जाई, कातडे कमावणाऱ्यांकडे जाई आणि वैद्याकडेही जाई. कोकणातला माल घाटावर जायच्या जुन्या वाटांपैकी एक कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखरे गाठून नाणेघाट चढत जुन्नरला पोहोचे. सातवाहनांच्या काळापासून ती वाट वाहती होती. नाणेघाटाच्या लेण्यातला राणी नागनिकेचा लेख आजही त्याची साक्ष देतो.

महाराष्ट्रात वैद्य आणि शिल्पी यांची सोबतही तितकीच जुनी. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत मगिल नावाच्या राजवैद्याचे नाव आहे आणि त्याच्या मुलामुलीचेही आहे. तिथल्याच एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराने आपले नाव कोरले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी वैद्याने लेण्याला पैसा दिला, कारागिराने हात दिला आणि दोघांचीही नावे दगडावर राहिली.

कातकऱ्यांच्या वाट्याला पुढे वेगळे दिवस आले. १८७८ च्या वन कायद्याने सरकारने रानावर आपला हक्क बसवला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की सरकारला १८८० च्या दशकात चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. रान राखीव झाले तशा कातभट्ट्या विझत गेल्या. कातकरी आधी कोळसा पाडायला गेले आणि नंतर वीटभट्टीवर. आज शहापूर, मुरबाड, भिवंडी या पट्ट्यात दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेल्या तीन जमातींत कातकरी आहेत. कावसजीच्या नाकावर ज्याचा हात चालला तो वीट पाडणारा होता आणि ज्याने ते नाक धरून ठेवले तो कात अशाच रानकरी हातांनी पाडलेला असे. त्या काळी या दोन्ही कामांत विद्या होती. आता एक काम जवळजवळ संपले आणि दुसरे नुसते राबणे होऊन बसले.

चित्रकार आणि त्याचा विषय

कावसजीचे चित्र जेम्स वेल्स याने काढले. वेल्स स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा, जन्म १७४७ चा. १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्याला आला. तिथे मॅलेट १७८६ पासून होता आणि त्याला चित्रांची मनापासून आवड होती. वेल्सने सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढली. आज आपल्या डोळ्यांसमोर नानांचा जो कृश, गंभीर चेहरा येतो, त्यात वेल्सच्या कुंचल्याचा मोठा वाटा आहे. मॅलेट आणि वेल्स यांच्या प्रयत्नाने शनिवारवाड्यात एक चित्रशाळाही सुरू झाली. तिथे स्थानिक कलावंतांना पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकवले जाई. गंगाराम चिंतामण तांबट हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे त्याने १७९० मध्ये काढलेले चित्र आणि वेरूळच्या लेण्यांची त्याची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

त्या पुण्यात, जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेला दहा महिने झाल्यावर कावसजी वेल्ससमोर बसला. ज्या कुंचल्याने पेशव्यांचा दरबार रंगवला त्याच कुंचल्याने हा एक हात गमावलेला बैलवाला रंगवला. वेल्सने नाक तेवढे वेगळे काढून दाखवले नाही. त्याने पूर्ण माणूस काढला. कपाळावरचा वण स्पष्ट दाखवला, कारण नव्या नाकाची कातडी तिथूनच आली होती. छापलेल्या चित्रात सोबत लहान आकृत्या दिल्या, म्हणजे मेणाचा पत्रा सपाट केल्यावर कसा दिसतो ते वाचकाला कळावे. एकाच पानावर माणसाची प्रतिष्ठा आणि शल्यक्रियेचा नकाशा, दोन्ही मावले. शब्दांत ही कृती वाचताना ‘अर्धा पीळ’ म्हणजे काय ते कळत नाही, चित्र पाहिले की कळते. वैद्यकाला चित्रकाराची गरज का असते, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या इतिहासात नाही.

वेल्स स्वतः त्यानंतर फार काळ जगला नाही. १७९५ मध्ये विल्यम नटर याने कोरलेली कावसजीची मोठी छापील प्रत निघाली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात पडून मृत्यू झाला आणि नोव्हेंबरमध्ये वेल्स गेला. साष्टीतल्या कान्हेरी लेण्यांची चित्रे काढत असताना तो आजारी पडला आणि ठाण्यात त्याचा अंत झाला. १७९९ मध्ये त्याची मुलगी सुझॅना हिचे मॅलेटशी लग्न झाले आणि त्याची वेरूळची रेखाटने टॉमस डॅनियल याने १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली.

चेल्सीतली ती पंधरा मिनिटे

युरोपला नाक बांधण्याची कला अगदीच अपरिचित नव्हती. इटलीतल्या बोलोन्याच्या गास्पारे टाल्याकोत्सी याने १५९७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला होता. त्यात दंडाची कातडी नाकाला जोडून हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवावा लागे. लाकडी ठशांवर कोरलेल्या त्याच्या चित्रांमुळेच तो ग्रंथ आजही ओळखला जातो. पण त्याच्या मागून ती विद्या तिथे जवळजवळ लुप्त झाली. असे काही शक्य नाही, असेच पुढच्या डॉक्टरांनी मानले.

अशा काळात पुण्याची कृती आणि कावसजीचे चित्र लंडनला पोहोचले. जोसेफ कार्प्यू हा तिथे शरीररचनेचा शिक्षक होता. त्याने हिंदुस्थानात राहून आलेल्या लोकांना गाठून चौकशी केली आणि मॅलेटकडूनही खातरजमा करून घेतली. प्रेतांवर सराव केला आणि योग्य रुग्णाची वर्षानुवर्षे वाट पाहिली. शेवटी २३ ऑक्टोबर १८१४ रोजी चेल्सीच्या यॉर्क हॉस्पिटलमध्ये त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. यकृताच्या विकारासाठी पारा घेतल्याने त्या अधिकाऱ्याचे नाक झडले होते. ईथरची भूल यायला अजून तीस वर्षे होती. शस्त्रक्रिया सुमारे पंधरा मिनिटे चालली आणि नाक जगले. दुसरा रुग्ण स्पेनमधल्या आल्बुएराच्या लढाईत जखमी झालेला अधिकारी होता. या दोन शस्त्रक्रियांवर कार्प्यूने १८१६ मध्ये चित्रांसह पुस्तक काढले. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे याने जर्मन भाषेत याच विषयावर ग्रंथ लिहिला. तिथून पुढे नाक, ओठ, पापण्या पुन्हा बांधण्याची विद्या युरोपभर पसरली.

पुण्याजवळच्या कुंभाराच्या ओट्यापासून चेल्सीच्या रुग्णालयापर्यंत ही विद्या पोहोचायला वीस-एकवीस वर्षे लागली. एवढा काळ तिला जिवंत ठेवले ते एका छापील पानाने.

दोन संस्था, एक दाता

पुढच्या शतकात मुंबईत वैद्यक आणि कला ही दोन्ही क्षेत्रे संस्थांच्या भिंतींआड गेली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले जे. जे. रुग्णालय सुरू झाले, १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. रुग्णालय आणि कलाशाळा, दोन्हींमागे सर जमशेटजी जीजीभाय यांचे दान होते. ग्रँट कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड रुग्ण तपासत आणि लेण्यांतले शिलालेखही वाचत. भायखळ्याच्या संग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे. त्याच कॉलेजात शिकवलेले डॉ. जॉर्ज बर्डवूड पुढे हिंदुस्थानच्या हस्तकलांचे अभ्यासक झाले आणि १८८० मध्ये त्यांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. डॉक्टरांना कलेची ओढ होती, कारागिरांबद्दल आस्थाही होती. पण डॉक्टर होण्यासाठी आता प्रमाणपत्र लागत होते, आणि ते कुंभाराला मिळणार नव्हते. ज्या विद्येचा धागा पुण्याजवळच्या त्या कारागिरापर्यंत जात होता, ती आता लंडनहून आलेल्या पुस्तकांतून मुंबईत शिकवली जाऊ लागली.

पहिल्या महायुद्धात चेहरे फाटलेले हजारो सैनिक इंग्लंडला परतले. सर हॅरॉल्ड गिलीज यांनी त्यांच्यासाठी चेहरा बांधण्याचे खास काम उभे केले आणि सोबत चित्रकार हेन्री टॉन्क्स यांना घेतले. टॉन्क्स आधी शल्यविशारद होते, नंतर लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिक्षक झाले होते. त्यांनी १९१६ पासून जखमी सैनिकांची पेस्टल चित्रे काढली. छायाचित्रात न उतरणारे मांसाचे रंग आणि माणसाची नजर त्यांत उतरली. पॅरिसमध्ये अमेरिकन शिल्पकार ॲना कोलमन लॅड तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे घडवून, रुग्णाच्या कातडीचा रंग देऊन त्याला लोकांत मिसळता येईल असे करत होती. वेल्सने पुण्यात केले तेच टॉन्क्स यांचे काम, सव्वाशे वर्षांनंतरचे.

आणि गिलीज यांच्याकडे शिकलेले डॉ. नोशीर अंटिया ती विद्या परत महाराष्ट्रात घेऊन आले. कुष्ठरोगात नाक आतून झिजून खचते आणि रोग बरा झाला तरी चेहऱ्यावरची खूण माणसाला गावाबाहेर ठेवते. अंटियांनी अशा रुग्णांची नाके आणि हात सुधारण्याचे काम हाती घेतले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. पुढे त्यांनी रायगड जिल्ह्यातल्या मांडवा परिसरात गावच्या, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन दाखवले, की आजारांची बरीचशी काळजी त्या स्वतः घेऊ शकतात. पदवी नसलेल्या हातांवर एवढा विश्वास टाकणारा शल्यविशारद विरळा.

नाव कोणाचे राहिले

आता हिशेब पाहू. १७९४ च्या त्या पानाने रुग्णाचे नाव जपले, पाहणाऱ्या दोन डॉक्टरांची नावे जपली, चित्रकाराचे आणि ठसा कोरणाऱ्याचे नावही पुढे राहिले. ज्याने शस्त्र धरले त्याची फक्त जात उरली. कात पाडणाऱ्यांचा तर उल्लेखही नाही. पितळखोऱ्याच्या दगडावर वैद्य आणि कारागीर दोघांचीही नावे कोरणाऱ्या आपल्या प्रदेशासाठी ही मोठी उणीव आहे.

ही उणीव भरून काढता येते, आणि हे काम कलावंतच करू शकतात. वारली चित्रकला पिढ्यान् पिढ्या लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांनी सांभाळली, पण त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांत फिरले, त्यांनी कागद आणि रंग दिले आणि जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगापर्यंत गेले. २०११ मध्ये म्हसे यांना पद्मश्री मिळाली. पाड्यावरची कला नावानिशी जगासमोर येते ती अशी.

आज ठाणे-पालघरमधल्या आरोग्य केंद्रांच्या आणि शाळांच्या भिंतींवर वारली शैलीत लसीकरणाची, गरोदर बायकांच्या तपासणीची चित्रे दिसतात. हे चांगलेच आहे. वैद्यक कलेला विषय देते, हे त्या भिंती रोज सांगतात. पण त्या चित्रांत इथलीच जाणती माणसेही यायला हवीत: बाळंतपणे केलेली सुईण, हाड बसवणारा म्हातारा, कोणत्या सालीचा काढा कशाला द्यायचा हे जाणणारी कातकरी आजी. त्यांचे ज्ञान डोळे झाकून खरे मानावे, असे मी म्हणत नाही. ते तपासावे, जे घातक असेल ते टाकावे, आणि साप चावला तर आधी रुग्णालयच गाठावे. पण तपासण्यासाठी आधी ते नोंदलेले असायला हवे. नोंद न झालेली विद्या तपासताही येत नाही आणि शिकवताही येत नाही.

म्हणून शहापूर आणि मुरबाडच्या महाविद्यालयांतल्या मुलांना, चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंना माझी विनंती आहे. तुमच्या वाडीवर असा एक तरी हात असेल. त्या माणसाला विचारा, त्याची संमती घ्या, तो काय करतो ते चित्रात काढा, कृती लिहा, आणि खाली चित्रकाराच्या नावाआधी त्याचे नाव घाला. पुण्याजवळच्या त्या कुंभाराच्या बाबतीत जे राहून गेले, ते आपल्या पिढीकडून राहता कामा नये.